सहा किलोंचा शिकारी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

जॅक रसेल टेरियर या जातीची कुत्री छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील फ्लॅटमध्ये आणि बंगल्यांमध्ये आता अधूनमधून दिसू लागली आहेत. खांद्यापर्यंत 25 ते 30 सेंटिमीटर उंची, पाच-सहा किलो वजन, पांढऱ्या अंगावर तपकिरी किंवा काळे ठिपके, असे रूप पाहून घेणारा माणूस बहुधा ‘लहान कुत्रे, कमी व्याप’ असा हिशेब मांडतो. हा हिशेब पहिल्या महिन्यातच कोलमडतो, कारण कुत्र्याला किती काम लागते हे त्याच्या आकारावरून ठरत नाही; त्याच्या पूर्वजांकडून पिढ्यान्‌पिढ्या कोणते काम करून घेतले गेले, यावरून ते ठरते.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील जॉन रसेल (1795-1883) हे पेशाने धर्मोपदेशक होते, पण त्यांचा जीव रमे तो कोल्ह्याच्या शिकारीत. ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून या वंशाची सुरुवात झाली, असे मानले जाते. पाठलाग करणे हे मोठ्या हाउंड कुत्र्यांचे काम असे. कोल्हा बिळात शिरला की आत घुसून, भुंकून त्याला बाहेर काढणे हे टेरियरचे. त्यासाठी छाती अरुंद हवी, म्हणून पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा छातीचा घेर माणसाच्या दोन्ही पंजांत मावला पाहिजे, ही कसोटी आजही परीक्षक लावतात. शिवाय अंधाऱ्या बिळात मालकाचा हुकूम पोहोचत नाही. तिथे स्वतःच्या बुद्धीने वागणारे कुत्रेच उपयोगी पडे आणि त्याचीच पिलावळ वाढवली जाई. भुंकणे, उकरणे, कोणाला न विचारता निर्णय घेणे, या ज्या गोष्टींची तक्रार आज शेजारी करतात, त्या सगळ्या एकेकाळी नोकरीच्या अटी होत्या.

अशा कुत्र्याला रोज तासभर पळवावे, असा सल्ला परदेशी पुस्तकांत हमखास असतो. तो थंड आणि ढगाळ हवेत लिहिलेला आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मेमध्ये परभणीत किंवा नांदेडात दुपारी पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा भोवतालची हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते आणि उष्णता अंगातून बाहेर जाण्याऐवजी आत शिरू लागते. घाम येण्याची सोय कुत्र्याला पंजांच्या तळव्यांपुरतीच आहे. उरतो तो एकच मार्ग, जीभ बाहेर काढून धापा टाकण्याचा, म्हणजे तोंडातील आणि श्वासमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाचा. आपल्या खिडकीतला कूलर याच तत्त्वावर चालतो आणि त्याची मर्यादाही तीच आहे. मेच्या कोरड्या हवेत दोन्ही बरे काम करतात. जूनमध्ये मृग लागूनही पाऊस ओढ देतो आणि हवा नुसतीच दमट होते, तेव्हा तापमान उतरलेले असूनही दोन्ही हात टेकतात. म्हणून ‘आता ऊन कमी झाले’ असे म्हणून जूनच्या दुपारी चेंडू फेकत बसणे मेइतकेच धोक्याचे आहे. त्यातही ही जात खेळ सुरू असेपर्यंत स्वतःहून थांबत नाही, आणि तिचे पोट तापलेल्या डांबरापासून वीतभर उंचीवर असते.

शरीराचे तापमान 41 अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि आतडी यांना इजा होऊ लागते. लाळ घट्ट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, चालताना झोक जाणे ही लक्षणे दिसताच कुत्र्याला सावलीत आणून अंगभर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. अंगाभोवती ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. थोड्या वेळात तो स्वतःच गरम होऊन उष्णता कोंडून धरतो.

उन्हाळ्यात फिरणे अशा रीतीने दिवस उजाडायच्या सुमारास आणि रात्रीच्या जेवणानंतर, एवढेच शक्य उरते. मग बाकीच्या दिवसाचे काय करायचे? माझ्या मते उत्तर पायांत नसून नाकात आहे. कुत्र्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या कितीतरी पट असतात. हुंगताना ते सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास ओढते, आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर सोडत असल्याने समोरचा वास उधळला जात नाही. या कामात मेंदूचा मोठा भाग गुंततो. जुने गोणपाट घेऊन त्याच्या घड्यांमध्ये उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे नखाएवढे तुकडे खोचावेत आणि ते फरशीवर टाकावे. पहिल्या दिवशी कुत्रे गोणपाट दातांत धरून झटकते. चार-पाच दिवसांनी मात्र मान खाली, शेपटी ताठ, मधेच एक जोराचा फुत्कार, मग पुढचा एकच पंजा घडीवर, असा शिस्तशीर तपास सुरू होतो. शेतातल्या आखाड्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग असेल तर खेळ आणखी कठीण करता येतो. पंधरा मिनिटांच्या अशा शोधानंतर हे कुत्रे कूलरसमोर आपणहून आडवे होते.

शिकवण्याचे शास्त्र त्यामानाने सोपे आहे, ते आचरणात आणणे अवघड. ज्या कृतीनंतर लाभ होतो ती कृती वाढते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले. मात्र लाभ एक-दोन सेकंदांत हाती पडला नाही तर कुत्रे तो भलत्याच कृतीशी जोडते. बसल्याबद्दल द्यायचा तुकडा खिशातून काढेपर्यंत ते उठून उडी मारते, आणि बक्षीस उडीला मिळते. भुंकण्याचेही असेच. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी ‘घे बाबा एकदाचे’ म्हणत पोळीचा तुकडा टाकला, तर कुत्रे चिकाटी शिकते. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सुटायला सर्वांत अवघड असते. त्यात आजी ‘हाड’ म्हणते, नातू ‘नो’ म्हणतो आणि वडील नुसतेच डोळे वटारतात. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ हे चार शब्द सगळ्या घराने एकाच अर्थाने वापरले तरी पुष्कळ झाले. मारून शिकवणे या जातीवर तर उलटतेच, कारण प्रतिकाराला तोंड देत पुढे जाणारेच कुत्रे तिच्यात निवडले गेले आहे.

खाण्यात घोळ होतो तो मापाचा. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. रूढ सूत्रानुसार 30 किलोंच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे 900 कॅलरी लागतात, तर 6 किलोंच्या जॅक रसेलला सुमारे 270. म्हणजे किलोमागे हे लहान कुत्रे दीडपट जळते. हालचाल धरून त्याची दिवसाची गरज साडेचारशेच्या आसपास जाते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत 200 हून अधिक कॅलरी असतात, तेव्हा प्रेमाने टाकलेली एक भाकरी म्हणजे जवळपास अर्धा दिवसाचा आहार झाला, तोही प्रथिनांनी तोकडा. उरलेली भाजी तर देऊच नये. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो, आणि सहा किलोंच्या जिवाला ते माप एक-दोन कांद्यांतच भरते.

शेतावर नेणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि त्या भेगांत उंदीर, घुशी आणि त्यांच्या मागावर साप असतात. जॅक रसेल प्रत्येक भेगेत नाक घालते. नाग किंवा घोणस चावते तेही बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर. बांधावर लांब दोरी लावूनच त्याला फिरवावे. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते आणि काही तासांत जीव घेते. ब्रोमॅडिओलोन हे दुसरे उंदीरनाशक उलट संथ आहे. ते रक्त गोठण्याची यंत्रणा बंद पाडते, पण तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही, आणि नंतर हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. त्यावर के-1 जीवनसत्त्वाचा इलाज आहे, म्हणून खाल्ल्याची नुसती शंका असली तरी उंदरांच्या त्या औषधाचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. रेबीजबरोबर त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

गोचिडांबद्दल एवढेच, की त्या अंगावर जितक्या दिसतात त्याहून जास्त भिंतीच्या फटींत असतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या आजारात रक्तातील प्लेटलेट घटतात आणि कधी नाकातून रक्त येते. नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटीही बुजवाव्या लागतात.

या जातीत डोळ्याचे भिंग जागेवरून सरकण्याचा एक आनुवंशिक विकार आढळतो. त्याला कारणीभूत असलेला जनुकदोष 2010 मध्ये सापडला. मधल्या वयात एखादा डोळा अचानक लाल झाला, पाणावला आणि कुत्रे तो मिटून घेऊ लागले, तर धूळ गेली असेल म्हणून थेंब टाकत बसू नये. डोळ्यातील दाब वाढून एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशींवर उपचार होतात, त्यामुळे परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापैकी जे जवळ असेल तेथील दूरध्वनी क्रमांक आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ कुत्रे घरी आणण्यापूर्वीच विचारून ठेवावी.