चेंबूर (गाव आणि रेल्वे स्थानक)

मुंबईच्या पूर्व उपनगरांपैकी एक, आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर टिळकनगर व गोवंडी यांच्यामधले स्थानक. भराव पडण्यापूर्वी चेंबूर हे तुर्भे (ट्रॉम्बे) बेटाच्या वायव्य टोकाला वसलेले लहानसे खेडे होते. भोवती खाजण, तिवरांची दाटी आणि खाडीचा चिखल. तिथल्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) वस्तीच्या खुणा गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत आजही सापडतात.

नावाची उपपत्ती ‘चिंबोरी’वरून सांगितली जाते. भरती ओसरली की तिवरांच्या मुळाशी बिळात शिरून बसणारा, जाड नांग्यांचा हा खेकडा इथल्या माणसाच्या रोजच्या ओळखीचा होता, त्यामुळे ही उपपत्ती मनाला पटते. प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीचे ‘सिमुल्ला’ आणि अरब प्रवाशांचे ‘सैमूर’ म्हणजे चेंबूरच, असेही काहींनी मांडले. मात्र ते उल्लेख अलिबागजवळच्या चौल बंदराचे आहेत, हेच मत अधिक सयुक्तिक वाटते.

चेंबूरला रेल्वे मिळाली ती कचऱ्यामुळे. स्थानकाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. साथीचे मूळ घाणीत आहे अशी तेव्हाची समजूत होती, आणि दाट वस्तीतला कचरा शहराबाहेर नेऊन टाकणे ही पालिकेची निकड ठरली. त्यासाठी चेंबूर-देवनारची दलदल निवडली गेली. १९०६ साली कुर्ला-चेंबूर हा एकेरी लोहमार्ग तयार झाला तो कचरागाड्यांसाठीच. महालक्ष्मीजवळच्या सायडिंगवर (मुख्य मार्गालगतच्या जादा रुळांवर) वाघिणी, म्हणजे मालडबे, भरायच्या आणि खाजणात नेऊन रित्या करायच्या, असा हा क्रम होता. शहराने नको म्हणून टाकलेले सगळे या गावाच्या वेशीवर येऊन पडत होते. गाडी दारावरून जात होती, पण गावकऱ्याला तिच्यात बसायची सोय नव्हती. ती झाली १९२४ साली, मार्ग प्रवाशांसाठी खुला झाल्यावर.

त्याच दशकात इथे उद्यान-उपनगर आखले गेले, रस्ते काढले गेले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित लष्करी बराकींत राहायला आले. ती वस्ती म्हणजे चेंबूर कॅम्प. १९४८ साली राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ उभा राहिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्र आले, पुढे खतांचा कारखाना. कामगार, तंत्रज्ञ आणि दाक्षिणात्य कुटुंबे यांनी वस्ती भरत गेली. धूर आणि वायूंचा त्रासही त्यांच्याबरोबरच आला, तो इथल्या रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून खाडीपूल ओलांडून लोकल वाशीला पोहोचली आणि चेंबूर नवी मुंबईच्या वाटेवरचे स्थानक झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतंत्र भारतातली पहिली मोनोरेल चेंबूर ते वडाळा डेपो अशी धावू लागली. मार्च २०१९ मध्ये ती महालक्ष्मीनजीकच्या संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवण्यात आली. ज्या भागातून एके काळी चेंबूरकडे कचऱ्याच्या वाघिणी निघत, त्याच भागातल्या या स्थानकाला हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताचे नाव आहे.