क्लाइंबमध्ये इंजिन तापतं, ही भानगड किती जुनी?

एप्रिल-मे आला की पुण्याच्या आसपास उडणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, सीएचटी, म्हणजे सिलिंडर हेड टेम्परेचर. लोहगाव आधीच 1,942 फुटांवर, त्यात दुपारचे 40 डिग्री, म्हणजे हवा साधारण 5,400 फुटांवर असावी तेवढी विरळ. बोनान्झा किंवा सिरससारखं मोठ्या इंजिनाचं विमान असेल तर फुल पॉवर, नाक वर, स्पीड कमी आणि काटा चढतच जातो. जुन्या फियाट खंडाळ्याच्या घाटात तापायच्या तशातलाच प्रकार, फक्त इथे बाजूला घेऊन बॉनेट उघडता येत नाही.

एअर-कूल्ड इंजिन थंड ठेवते ती पुढून घुसणारी हवा, आणि क्लाइंबमध्ये नेमकी उष्णता सगळ्यात जास्त नि हवा सगळ्यात कमी. 1909 च्या नोम इंजिनवाल्यांनी तर अजबच उपाय काढला होता, अख्खं इंजिनच प्रोपेलरसोबत गरागरा फिरायचं, विमान हळू असलं तरी सिलिंडरना वारा मिळायचाच. पॉवर वाढत गेली तसं ते मागे पडलं. मग उघड्या सिलिंडरांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, खुपायला लागला, तेव्हा 1928 मध्ये अमेरिकेच्या एनएसीए या विमानसंशोधन संस्थेत फ्रेड वाइकच्या टीमने इंजिनाभोवती काउलिंग, म्हणजे पत्र्याचं आवरण, बसवलं आणि कर्टिस हॉकचा टॉप स्पीड ताशी 118 वरून 137 मैलांवर गेला. खरी गोम इथेच आहे. काउलिंग क्रूझच्या, म्हणजे सरळ उडतानाच्या, मापाचं केलं की क्लाइंबला हवा अपुरी पडते, म्हणून मागे हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे काउल फ्लॅप, आले, आणि ते कधी, किती उघडायचे हे पायलटच्या गळ्यात पडलं.

याची सगळ्यात महाग किंमत अमेरिकेच्या बी-29 बॉम्बरने मोजली, आणि तीही आपल्या उन्हात. 1944 च्या एप्रिलमध्ये ही विमानं खरगपूरकडे येत असताना कराचीजवळ पाठोपाठ कोसळली, त्यांची राइट आर-3350 इंजिनं प्रचंड तापायची. फ्लॅप पूर्ण उघडावेत तर ड्रॅगमुळे विमान वेगच घेईना, मिटावेत तर मागच्या ओळीतले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचे. मग बॅफल, म्हणजे हवा सिलिंडरांकडे वळवणारे पत्रे, बदलले, त्या सिलिंडरांना तेल जास्त पोचेल अशी सोय केली, आणि टेकऑफनंतर लगेच नाक न उचलता खालीच राहून आधी स्पीड घ्यायचा असं ठरलं. हा शेवटचा उपाय फुकटातला, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा, आजही क्रूझ क्लाइंब, म्हणजे जास्त स्पीड ठेवून सावकाश चढणं, हे थोडाफार तेच.

टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने, प्रकरण आणखी किचकट केलं. सॅनफर्ड मॉसने 1918 मध्ये पाइक्स पीकवर, 14 हजार फुटांवर, टर्बो लावून लिबर्टी इंजिन चालवून दाखवलं, पण त्यात एक पेच होता, वर गेल्यावर पॉवर खालच्याइतकीच मिळते पण थंड करणारी हवा मात्र विरळच, म्हणून टर्बोवाल्यांचा सीएचटी बऱ्याचदा उंचावर गेल्यावरच डोकं वर काढतो. मिक्श्चर रिच ठेवायचं तेही याचसाठी, पेट्रोल जास्त असलं की जळण जरा हळू होतं, प्रेशरचा पीक उशिरा येतो आणि हेडला उष्णता कमी लागते. फुल पॉवरला अर्धवट लीन करणं, म्हणजे पेट्रोल कमी करणं, हा मात्र निव्वळ आगाऊपणा.

लायकमिंग इंजिनांची सीएचटीची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, बऱ्याच मॉडेलांत 500 डिग्री फॅरनहाइट, मोठ्या कॉन्टिनेंटल इंजिनांची 460, पण रेघेपर्यंत जाऊ द्यायचं नसतं, 400 च्या आसपासच हात हलवायचा. पूर्वी एकाच सिलिंडरला तापमान मोजणारा प्रोब असायचा, बाकीच्यांचं काय चाललंय ते रामभरोसे. प्रत्येक सिलिंडर वेगळा दाखवणारे मॉनिटर आले तेव्हा कळलं की पाच ठीक असतात आणि एकच तापतो, आणि कारण कित्येकदा फालतू निघतं: काउलिंग काढून टॉर्च मारली की कोपऱ्यातलं बॅफलचं सिलिकॉन रबर उलटं दुमडलेलं दिसतं, बोटभर फट, आणि सिलिंडरवरच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पात्यांमधून, खाली जायची हवा तिथूनच पळून जाते.