स्वयंप्रकाशन आणि सशुल्क प्रकाशन: तुमच्या पुस्तकाचा प्रकाशक नेमका कोण?

मागच्या महिन्यात नागपुरात झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचा कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं तिचा पहिला कवितासंग्रह माझ्या हातात दिला. "काकू, सेल्फ-पब्लिश केलं मी," ती म्हणाली. चेहरा आनंदानं फुललेला. मी शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडली. प्रकाशक म्हणून बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीचं नाव होतं, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्याच कंपनीचा, आणि चौकशीसाठी दिलेला पत्ताही तिचाच. पैसे किती दिले, असं विचारलं. 38 हजार. त्या बदल्यात तिला 40 प्रती मिळाल्या होत्या.

तिनं केलं ते स्वयंप्रकाशन नव्हतं. पण तिला बोलायचा हक्क मला नाही, कारण 2019 मध्ये मीही हेच केलं होतं आणि चार वर्षं सगळ्यांना अभिमानानं "स्वतः काढलं" असं सांगत होते. दुसरं पुस्तक खरोखर स्वतः काढलं, तेव्हा दोन्हींतलं अंतर कळलं.

घोळ होतो तो पैशामुळे. दोन्हीकडे खर्च लेखकच करतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. स्वयंप्रकाशनात मात्र लेखक स्वतः प्रकाशक असतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी ही कामं तो ज्याच्या त्याच्याकडून मजुरी देऊन करून घेतो, आणि काम झालं की त्या माणसाचा पुस्तकाशी संबंध संपतो. सशुल्क प्रकाशनात लेखक पैसे भरतो आणि प्रकाशक होतो दुसराच. पुस्तकाची किंमत, विक्रीचा हिशेब, पुढची आवृत्ती हे सगळं त्याच्या हातात जातं. गांधीसागरजवळच्या माझ्या छापखानेवाल्या भाऊंना मी पहिल्या पुस्तकाची हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "पैसा तुमचा, पुस्तक तुमचं, मग नाव कायले दुसऱ्याचं, मॅडम?" चार वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

सुरुवात आयएसबीएनपासून करते, कारण सशुल्क प्रकाशनाची पॅकेज विकणारे सगळ्यात मोठ्या अक्षरांत हाच लिहितात: "आयएसबीएनसह". जणू ती फार महागाची वस्तू आहे. भारतात हा तेरा अंकी क्रमांक फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि एकटा लेखकही स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करू शकतो. कागदपत्रं चढवायला मला एक संध्याकाळ लागली. क्रमांक यायला मात्र थांबावं लागतं, म्हणून छपाईची तारीख ठरवण्याआधीच अर्ज करून ठेवावा. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

फुकट आहे म्हणून तो कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही, असं मात्र नाही. भारतातले क्रमांक 978-81 किंवा 978-93 नं सुरू होतात आणि त्यापुढचे काही अंक प्रकाशकाची ओळख सांगतात. कंपनीचा क्रमांक घेतला की पुस्तक जगभरच्या नोंदींत त्या कंपनीचं म्हणून लागतं. उद्या तिच्याशी पटलं नाही, तर तुम्हाला नवा क्रमांक घेऊन पुस्तक नव्यानं काढावं लागतं. माझ्या पहिल्या पुस्तकाचं तेच झालं. ऑनलाइन दुकानात त्याची जुनी नोंद अजून "उपलब्ध नाही" म्हणून दिसते आणि ती काढायला लावणं माझ्या हातात नाही.

दुसरी गोष्ट रॉयल्टीची. माझ्या पॅकेजमध्ये "100 टक्के रॉयल्टी" लिहिलेलं होतं. वाचून मी हरखले होते. शंभर टक्के कशाचे, हे खाली बारीक अक्षरांत होतं: निव्वळ नफ्याचे. पुस्तकाची किंमत 250 रुपये. त्यातले 125 वितरण आणि विक्रीचे म्हणून वजा, 95 छपाईचे म्हणून वजा. उरले 30. त्या तीसचे शंभर टक्के माझे! मी भरले होते 45 हजार. ते परत यायला पंधराशे प्रती विकल्या जायला हव्या होत्या. मराठी कथासंग्रहाची एक आवृत्ती किती प्रतींची निघते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. स्वतःसाठी जादा प्रती हव्या असतील तर त्या 150 रुपयांनी विकत घ्यायच्या. म्हणजे माझ्याच पुस्तकाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक मीच होते.

आता दुसऱ्या पुस्तकाचा हिशेब. 160 पानं, डेमी आकार, म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे. 300 प्रती. अक्षरजुळणीचे पानाला 25 प्रमाणे 4,000, मुद्रितशोधनाचे 2,400, मुखपृष्ठाचे 4,000, कागद धरून छपाई आणि बांधणीचे 24,000. एकूण 34,400. किंमत 250 च ठेवली. सीताबर्डीवरच्या दुकानांनी चाळीस टक्के घेतले, म्हणजे माझ्या हाती प्रतीमागे 150 आले. कार्यक्रमांत आणि ओळखीत मी 200 ला दिलं. दीड वर्षात 120 प्रती हातोहात गेल्या आणि 97 दुकानांतून. हाती आले 38,550 रुपये. खर्च निघाला, वर 4,150 उरले. रिक्षाचं भाडं आणि टपालखर्च यात धरलेला नाही, तो धरला तर बरोबरीतच सुटले म्हणायचं.

स्वयंप्रकाशनाची दुखणीही सांगायला हवीत, नाहीतर हे अर्धं सत्य होईल. दुकानदार माल ठेवून घेतो आणि पैसे विकल्यावर देतो. दर तीन महिन्यांनी पावतीपुस्तक घेऊन मी जाते, कधी दोन प्रतींचे पैसे मिळतात, कधी चहा. मुद्रितशोधन आपण केलं तर चालेल असं वाटतं, पण चालत नाही. आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. मी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर अक्षरजुळणी करणाऱ्यानं श्रीलिपी या छापखान्यातल्या फॉन्टमध्ये बदलला तेव्हा रफार आणि जोडाक्षरं जागोजागी तुटली. तीन वेळा प्रूफ पाहावं लागलं.

नागपूरचा उन्हाळा ही तर वेगळीच परीक्षा. पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती मी वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. मे महिन्यात गठ्ठा सोडला तर कण्याचा गोंद मऊ पडलेला, पानं हातात येत होती. म्हणून या वेळी महालातल्या बाइंडरनं शिलाई घालायचा आग्रह धरला आणि मी प्रतीमागे थोडे जास्त मोजले. प्रती आता आतल्या खोलीत दिवाणाखाली, जमिनीपासून उचलून, कडुलिंबाची पानं घालून ठेवल्या आहेत. पॅकेजमध्ये हा निर्णय मला कोणी विचारलाच नसता.

प्रकाशक झालं की कायद्याचं कामही अंगावर येतं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. मला याचा जाच वाटला नाही. माझं पुस्तक कोलकात्याच्या त्या इमारतीत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कॉपीराइटची नोंदणी मात्र सक्तीची नाही. लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचाच असतो, आणि तो हयातभर व नंतर साठ वर्षं टिकतो. तेव्हा "कॉपीराइट मिळवून देऊ" म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर ते घरात असलेलीच वस्तू विकत देत आहेत, असं समजावं.

करार वाचताना थांबून पाहायची जागा हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असंही आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या करारात मुदत होती, पण छपाईची तयार फाइल कोणाची हे नव्हतं. मी ती मागितली तेव्हा "ती आमची मालमत्ता" असं उत्तर आलं. अक्षरजुळणीचे पैसे माझे, मजकूर माझा, आणि दुसरी आवृत्ती काढायला सगळं पहिल्यापासून. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. त्या मुलीलाही मी एवढंच सांगितलं: आज घरी जा आणि फाइलबद्दल करारात काय आहे ते बघ.

पैसे घेणारे सगळे फसवतात असं मी म्हणणार नाही. आजोबांच्या आठवणींच्या पन्नास प्रती नातेवाइकांत वाटायच्या असतील आणि घरात कोणाला धावपळ जमत नसेल, तर पॅकेज घेण्यात काही वावगं नाही. फक्त त्याला छपाईची सेवा म्हणावं आणि तेवढेच पैसे द्यावेत. आपल्याकडचे काही जुने प्रकाशकही नव्या लेखकाला "शंभर प्रती तुम्ही घ्या" म्हणतात. तो मधला प्रकार आहे. तिथे मी इतकंच बघते की पुस्तक खरंच त्यांच्या यादीत लागतं का, आणि दुकानात दिसतं का.

ई-बुकचं थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी चालतं, पैसे भरावे लागत नाहीत, आणि रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के मिळते. भारतातल्या विक्रीवर 70 हवी असेल तर ते ई-बुक नव्वद दिवस दुसरीकडे कुठेही देता येत नाही. माझे वाचक कागदावरचे, म्हणून मी त्यात फार पडले नाही.

आणि पैसे भरण्याआधी एक दार नक्की ठोठवावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मला ती पहिलं पुस्तक निघाल्यावर कळली.

दुसऱ्या पुस्तकाच्या माझ्या संग्रही ठेवलेल्या प्रतीत मी आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. पान 37 वर "पाणी"चं "पाणि" झालंय, पान 92 वर एक ओळ दोनदा आलीय, आणि अजनीच्या पुलाचं वर्णन मला बदलायचं आहे. दिवाणाखाली आता चाळीसेक प्रती राहिल्या आहेत. त्या संपल्या की फाइल उघडायची, तीन दुरुस्त्या करायच्या आणि भाऊंकडे शंभर प्रती डिजिटल छपाईला टाकायच्या.