जुनी स्विफ्ट घ्यायचीय, पण कुठल्या इंजिनाची?

जुन्या गाड्यांच्या बाजारात २०१४-१५ ची स्विफ्ट बघायला गेलात की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला : "बजेट किती?" खरं तर त्याने विचारायला हवं, "रनिंग किती, आणि एका दमात किती?" महिन्याला हजार किलोमीटर दोघांचंही असू शकतं. पण एकाचं ते रोज पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांचं असतं, दुसऱ्याचं दर शनिवारी गावी जाण्याचं. इंजिनाच्या दृष्टीने ही दोन वेगळी आयुष्यं आहेत.

त्या स्विफ्टला दोन इंजिनं होती : ११९७ सीसीचं के-सिरीज पेट्रोल आणि १२४८ सीसीचं डिझेल. डिझेल मुळात फियाटचं मल्टिजेट. टाटाच्या व्हिस्टात आणि फियाटच्या पुंटोतही तेच होतं, त्यामुळे ते उघडून बसवणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. हॉर्सपॉवर पेट्रोलची जास्त. तरी घाटात डिझेल पुढे का जातं? कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर. डिझेल २००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) १९० न्यूटन-मीटर देतं. पेट्रोलचा टॉर्क ११५ च्या आसपास, तोही ४००० आरपीएमला. शिवाय पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरी पोचेपर्यंत हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण आठव्या हिश्शाने विरळ झालेली असते. पेट्रोल इंजिन मिळेल तेवढी हवा ओढतं, त्यामुळे त्याचा दम तेवढा कमी होतो. डिझेलचा टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्याला हे फारसं जाणवत नाही. मात्र आरपीएम खाली गेला की टर्बो झोपतो. भरल्या गाडीने अवघड वळणावर दुसऱ्या गिअरचा हट्ट धरलात तर मागचा एसटीवाला हॉर्न देणारच.

मायलेजचं गणितही इंजिनाच्या पोटातच आहे. डिझेल इंजिन हवा सतरापटीच्या आसपास दाबतं, पेट्रोल साधारण अकरापट. जास्त दाबलं की उष्णतेतून जास्त काम निघतं. त्यात पेट्रोल गाडी ट्रॅफिकमध्ये हळू चालताना थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ बंद असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच मेहनत वाया जाते. डिझेलमध्ये हवा अडवत नाहीत, फक्त इंधन कमी सोडतात. लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते.

मग सगळ्यांनी डिझेलच घ्यावं? नाही. उष्णता कमी वाया घालवणारं इंजिन तापायलाही जास्त वेळ घेतं. घर ते ऑफिस पाच किलोमीटर असेल तर ते तापेपर्यंत पार्किंग येतं. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी धरते, आणि ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) कार्बनचा थर साचतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. अडकलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो, म्हणजे अधूनमधून हायवेला पळवणं आलंच. मारुतीने तर त्याच वेळी स्विफ्टचं डिझेल बंद केलं.

पैशांत बघू. पेट्रोल १०४ रुपये आणि मायलेज १६, डिझेल ९० रुपये आणि मायलेज २० धरलं, तर किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याचे वर्षाला बारा हजार. एकदा टर्बो गेला की ही बचत संपली! हजार-दीड हजार किलोमीटर, तेही लांबलांबच्या पल्ल्याचे, असतील तरच मी जुनं डिझेल घेईन. शहरात पेट्रोल.

सीएनजीबद्दल थोडक्यात : स्विफ्टला कंपनीचं किट २०२२ मध्ये आलं, म्हणजे त्याआधीच्या गाडीत दिसेल ते बाहेरून बसवलेलं. आरसी बुकात नोंद आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) तारीख, दोन्ही बघा.

इंजिन कुठलंही असो, गाडी बघायला सकाळी, न कळवता जा आणि आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेवली आहे. का, ते विचारा. थंड इंजिन स्टार्ट करून रेस द्या : निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, डिझेलचा दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरचा संशय. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण हळूच सैल करा. किंचित वाफ चालेल. झाकण थडथडायला लागलं आणि धूर भसाभसा वर आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.