संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पायवाट दुरुस्तीचे श्रमदान: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पाऊस थांबला की बोरिवलीच्या जंगलातल्या पायवाटांचे हाल दिसू लागतात. पाण्याने माती ओढून नेलेली असते, झाडांची मुळे उघडी पडलेली असतात आणि चिखल चुकवत बाजूने चालणाऱ्यांनी वाट दुप्पट रुंद केलेली असते. दहिसर आणि पोईसर नद्या याच डोंगरांतून निघतात, त्यामुळे ही माती पुढे त्यांच्याच पात्रात उतरते. म्हणून हे काम मोलाचे आहे. मात्र मनाला आले आणि कुदळ घेऊन निघालो, असे इथे चालत नाही.

फाटकावर काढलेले तिकीट फिरण्यापुरते असते. कामाची परवानगी वेगळी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ (६) नुसार राष्ट्रीय उद्यानातला अधिवास बिघडवणे, वनोपज उचलणे, इतकेच काय, पाण्याचा प्रवाह वळवणे किंवा अडवणेही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. पायवाटेचे काम म्हणजे मुख्यतः पाणी वळवण्याचेच काम. त्यामुळे ते वन विभागाचे काम म्हणून, त्यांच्या माणसांच्या देखरेखीखाली करायचे. आपण मागायची ती त्यात हातभार लावण्याची संधी.

अर्ज उद्यानाच्या संचालकांच्या नावे, मराठीत, साध्या कागदावर लिहावा. त्याआधी आपण निवडलेली वाट कृष्णगिरी उपवन, तुळशी की येऊर, कोणत्या परिक्षेत्रात येते ते विचारून घ्यावे आणि तिथल्या वनक्षेत्रपालांना, म्हणजे परिक्षेत्राच्या प्रमुख अधिकाऱ्यांना, प्रत्यक्ष भेटावे. कोणती वाट खरोखर दुरुस्त करायची आणि कोणती तशीच बुजू द्यायची, हे त्यांना आणि वनरक्षकांना आपल्यापेक्षा चांगले कळते. कान्हेरी लेण्यांच्या आसपासची वाट शक्यतो निवडू नये. ते संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, म्हणजे पुरातत्त्व खात्याचाही प्रश्न येतो.

अर्जाचा जीव कामाच्या वर्णनात असतो. ‘आम्ही निसर्गप्रेमी आहोत’ यावर परिच्छेद खर्च करू नयेत. वाटेचा कोणता तुकडा, कुठून कुठपर्यंत, तिथे काय बिघडले आहे, हे फोटो जोडून लिहावे. मग उपाय: नवी वाट काढणार नाही; आहे त्या वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार देऊ, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी आडवे निघून जाईल; तीव्र चढावर पाणी बाजूला काढणारे दगडांचे तिरके आडबंध घालू; माणसांनी पाडलेल्या चोरवाटा वाळक्या फांद्यांनी बंद करू. दगड कुठून आणणार तेही सांगावे, कारण जंगलातला दगड आणि वरची माती कायद्याने वनोपजात मोडते. टणटणी (घाणेरीचे झुडूप) काढायची असेल तर ती मुळासकट हाताने. तणनाशकाचा विचारच नको, घातक रसायनांना मनाई करणारे वन्यजीव अधिनियमाचे कलम ३२ आड येते.

अवजारांची यादी विसरू नका. पहार, फावडे, घमेली किती, कोयते किती, ते आकड्यांत लिहा. त्याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही आणि कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे. पाठपिशवीतला कोयता फाटकावर अडवला गेला तर अडवणारा कर्मचारी बरोबर असतो.

वयाबद्दल माझा आग्रह स्पष्ट आहे: पहार आणि दगडांच्या कामाला १८ पूर्ण झालेलेच घ्यावेत. त्याहून लहान मुले असतील तर पालकांचे लेखी संमतीपत्र, सोबत शिक्षक आणि फक्त हलके काम. दमा, हृदयविकार, फिट येणे यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. उन्हातला चढ परीक्षा पाहतो.

प्रत्येक स्वयंसेवकामागे आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्राची छायाप्रत, छायाचित्र, रक्तगट, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत असल्याचे सही केलेले हमीपत्र तयार ठेवावे. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला जोडला तर उत्तमच. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र आधीच घ्यावे. गट संस्थेचा असेल तर लेटरहेडवरचे पत्र आणि जबाबदार व्यक्तीचे नाव हवे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करणे सर्वांत सोयीचे, कारण वर्षाच्या १२० तासांत हे काम धरता येते.

दसऱ्यानंतर काम करायचे तर अर्ज गणपतीच्या आधी गेलेला बरा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम असतो. माती अजून ओलसर असते, खणायला सोपी जाते आणि नीट दबते. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परवानगीच्या पत्रात तारीख, वेळ, जागा आणि माणसे यांचा उल्लेख आहे ना, ते तिथेच वाचून पाहा. काम सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपावे. संध्याकाळ बिबट्याच्या फिरण्याची वेळ, तेव्हा आपण बाहेर असलेले बरे.

राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लांबली तर गोरेगावला फिल्म सिटीशेजारी बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संवर्धन शिक्षण केंद्र आहे, आणि धारावीला लागून, कधीकाळी कचराभूमी असलेल्या जागेवर उभे राहिलेले ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे विचारणा थेट त्या त्या कार्यालयात करावी.

प्रमाणपत्र हवे असेल तर त्याच दिवशी निघण्यापूर्वी हजेरीपटावर प्रत्येकाचे तास लिहून वनपालांची सही घ्या. अवजारे मोजून परत द्यायची असतात, तेव्हाच हे काम होऊन जाते.