थायमिन ऊन कसं सोसतं

इंदूरच्या राजेंद्रनगरला मावशीच्या गच्चीवर परवा निळ्या काचेची बाटली दिसली. कठड्यावर, भर उन्हात, तोंडाला मलमलचा तुकडा दोऱ्याने बांधलेला. "आठ तास ठेवली की सूर्याची शक्ती उतरते पाण्यात," मावशी म्हणाली. तेव्हा मी काही बोललो नाही. पण ऊन रेणूला नेमकं काय करतं, हे तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी पाण्याचं. दृश्य प्रकाश पाणी जवळपास शोषतच नाही, म्हणून तर ते पारदर्शक दिसतं. शिवाय त्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागांत, मोडतात आणि नव्याने जुळतात. आठ तासांचं ऊन अशा पाण्यात साठून राहणार कुठे? डॉक्टरांची गोळी बंद करून हे पाणी औषध म्हणून पिणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

ऊन काम करतं ते बाटली धरणाऱ्या हातावर. त्वचेतल्या डीएनएमध्ये थायमिन (डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी एक, जीवनसत्त्व नव्हे) असतं आणि ते अतिनील प्रकाश शोषतं. त्याला उत्तम शोषता येणाऱ्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा सुमारे 4.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणू-रेणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) असते. कार्बन-कार्बनचा एकेरी बंध तुटायला साधारण 3.6 पुरतात. तरीही थायमिन बहुतेक वेळा शाबूत राहतं. ती ऊर्जा जाते कुठे?

फोटॉन आला की थायमिनमधला एक इलेक्ट्रॉन 'पाय' (π) कक्षिकेतून, म्हणजे रेणूभर पसरलेल्या आपल्या जागेतून, वरच्या 'पाय-तारा' (π*) कक्षिकेत उडी मारतो. इथे जास्त वेळ थांबणं धोक्याचं. सुटकेची एक वाट अशी, की रिकामी झालेली जागा 'पाय'कडून ऑक्सिजनच्या एकाकी जोडीकडे, म्हणजे कुठल्याही बंधात न गुंतलेल्या त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांकडे, सरकते. हे सरकणं पकडायचं कसं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

ऑक्सिजनचा सर्वांत आतला इलेक्ट्रॉन केंद्रकाला घट्ट बिलगलेला असतो. क्ष-किरणाने ऊर्जा दिली तर तो वर चढतो, पण आपल्याच अणूजवळ जागा मोकळी असेल तरच. कोठीत बसलेल्या माणसाला घरातली रिकामी खुर्ची दिसते, गल्लीच्या टोकाची दिसत नाही, तसं. 'पाय'मधली रिकामी जागा रेणूभर पसरलेली, म्हणून ती त्याला जेमतेम जाणवते. एकाकी जोडीतली जागा मात्र ऑक्सिजनवरच असते. ती रिकामी होताच क्ष-किरण शोषणाच्या आलेखात, नेहमीच्या शोषणापेक्षा कमी ऊर्जेला, सुमारे 526 इलेक्ट्रॉन-व्होल्टला, एक नवं शिखर उगवतं. कार्बन आणि नायट्रोजन यात लुडबुड करत नाहीत, कारण त्यांची शिखरं सुमारे 284 आणि 410 च्या आसपास असतात.

आता घड्याळ. आधी अतिनील प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडायचा आणि ठरावीक उशिराने क्ष-किरणांचा. उशीर बदलत बदलत तेच मोजत जायचं. मावशीच्या घराजवळच्या कॅट या संशोधन केंद्रात 172.5 मीटर परिघाचा इंडस-2 आहे, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढणारं यंत्र. तिथे क्ष-किरण स्पेक्ट्रोस्कोपी (कुठल्या ऊर्जेचे किरण किती शोषले जातात याची मोजणी) होते, पण अशा वर्तुळाकार यंत्रांतले स्पंद दहा-दहा पिकोसेकंद लांबीचे असतात. या कामाला फेम्टोसेकंदांचे लागतात, म्हणजे पिकोसेकंदाच्याही हजाराव्या भागाचे. ते क्ष-किरण लेझरमधून मिळतात. कॅलिफोर्नियातला असा लेझर 2009 पासून चालू आहे. तिथे थायमिनची वाफ मोजली आणि 2017 मध्ये निकाल छापून आला: ते शिखर सुमारे 60 फेम्टोसेकंदांत उगवतं. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीइतका जात नाही.

इतक्या झटपट ऊर्जा धोक्याच्या जागेवरून हलते. पुढे तिची बहुतांश उष्णता होते.

वाफेतलं थायमिन एकटं होतं. त्वचेत ते पाण्याने वेढलेलं, साखळीत गुंफलेलं असतं, आणि शेजारी दुसरं थायमिन असलं तर कधी कधी ऊर्जा निघून जायच्या आत ती दोघं एकमेकांना जोडली जातात. मग डीएनएचा तो तुकडा कापून नवा बसवायचं काम पेशीतल्या दुरुस्तीच्या प्रथिनांकडे येतं.