शून्य कुठे गेलं? व्हिज्युअल वर्कफ्लोमधल्या टाइप-बदलाची पार्श्वभूमी

आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना महापेच्या आमच्या ऑफिसात तुर्भ्याहून एका निर्यातदाराच्या अकाउंटंटचा फोन आला. "मॅडम, आमचं शून्य कुठे गेलं हो?" आंब्याचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीच्या बिलावरचा मालाच्या प्रकाराचा कोड, ०८०४ ने सुरू होतो. त्यांच्या फाइलमध्ये तो बरोबर होता, आमच्या वर्कफ्लोतून बाहेर पडला तेव्हा ८०४ झाला होता. पडद्यावर डबे जोडून डेटा फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (तेच व्हिज्युअल वर्कफ्लो) टाइप, म्हणजे एखादी नोंद आकडा, टेक्स्ट की तारीख हे, आपण ठरवायचा की टूलने, हा वाद त्या एका शून्यात आहे.

सुरुवातीची टूल्स याबाबत कडक होती. १९८६ साली मॅकिन्टॉशवर आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये डबे जोडणारी वायरच टाइप सांगते: आज पूर्णांक निळा, दशांश नारिंगी, टेक्स्ट गुलाबी. पूर्णांकाची वायर दशांशाला जोडली तर टूल बदल करून घेतं, पण त्या जागी एक ठिपका सोडतं. टेक्स्टची वायर आकड्याला जोडली तर ती तुटलेली दिसते आणि प्रोग्राम चालतच नाही. २००६ मध्ये आलेल्या नाईममध्येही टेक्स्टचा आकडा करायचा असेल तर त्यासाठी वेगळा नोड, म्हणजे डबा, असतो. बदल झाला की तो चित्रात दिसतो.

मग २०१३ मध्ये एक्सेलसाठी पॉवर क्वेरी हे डेटा आत घेणारं टूल आलं आणि बहुतेकांची सवय तिथे बदलली. फाइल उघडली की टूल पहिल्या २०० ओळी पाहतं, प्रत्येक कॉलमचा टाइप ओळखतं आणि ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी स्वतःच घालतं. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: ज्याला इंटिजर (पूर्णांक) म्हणजे काय हे माहीत नाही, त्यालाही बेरीज मिळाली पाहिजे. ते खरं आहे. तरी माझ्या मते हा निर्णय चुकलाच. बिल नंबरच्या पहिल्या २०० ओळींत नुसते अंक असतील आणि २१४व्या ओळीत ‘४५१ए’ आलं, तर निदान एरर दिसतो. शून्य गळतं तेव्हा काहीच दिसत नाही.

इथे ‘कन्व्हर्जन’ हा शब्दच घोळ करतो, कारण त्याच्या पोटात तीन कामं आहेत. टेक्स्ट वाचून त्यातून आकडा काढणं, ते पार्सिंग. आकडा एका टाइपातून दुसऱ्या टाइपात घालणं, जसं पूर्णांकाचा दशांश, ते कास्टिंग. आणि आकडा तोच ठेवून त्याचं दिसणं बदलणं, ते फॉरमॅटिंग. "चार अंकी फॉरमॅट लावा की, शून्य परत येईल," असं आम्हाला सुचवलं गेलं. येतं, पण फक्त डोळ्यांपुरतं. पुढच्या डब्यात ८०४ च जातो. शिवाय हे कोड व्यवसायानुसार ४, ६ किंवा ८ अंकी असतात. एचएसएन सुदैवाने नेहमी सम अंकी, म्हणून विषम लांबी दिसली की शून्य गेलं हे कळतं आणि भरताही येतं. बँक खात्याच्या नंबरला तो आधार नाही. वेगवेगळ्या बँकांची लांबी वेगळी, तिथे गेलेलं शून्य गेलंच.

आणि फटका कुणाला, तर वाशीच्या बाजाराला. एचएसएनचे पहिले दोन अंक पाहा: भाजी ०७, फळं ०८, मसाले ०९. तांदूळ-गहू १० मध्ये, म्हणून ते सुटतात. आपला पिन कोड कधी शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे ही काळजी घ्यायची सवय आपल्याला लागलीच नाही.

जगाला जाग आणली ती जनुकांच्या नावांनी. एक्सेल ‘सेप्ट२’ ला सप्टेंबरची तारीख करत असे. हा दोष २००४ मध्येच छापून आला होता. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत असल्या चुका सापडल्या. २०२० मध्ये अखेर जनुकांचीच नावं बदलली, सॉफ्टवेअर तसंच राहिलं. आपोआप होणारे बदल बंद करायची सेटिंग एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

तोवर वर्कफ्लोच्या टूल्सनी वाट काढली होती. नाईमच्या नव्या डेटाबेस नोडांत टाइप ठरवायचा नियम मूळ टाइपवरून लावता येतो, तसा कॉलमच्या नावावरूनही. पॉवर क्वेरीत ओळखणं बंद करता येतं आणि तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायची हेही सांगता येतं. ०३/०४ हा आपला ३ एप्रिल अमेरिकी पद्धतीत ४ मार्च होतो. आमच्याकडे आता नावात ‘कोड’, ‘क्र.’ किंवा ‘खाते’ असलेला कॉलम टेक्स्टच राहतो, मग आत काहीही असो.

देवनागरी अंकांचं मात्र अजून हातानेच पाहावं लागतं. सरकारी कागदावरून टाइप केलेला ‘०८०४’ बऱ्याच टूल्सना आकडा वाटत नाही, म्हणून शून्य टिकतं. पण त्याच फाइलमधल्या रकमाही टेक्स्ट राहतात आणि बेरीज होत नाही. म्हणून रकमांसाठी अंक बदलणारा डबा आम्ही घालतो. आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा नोड मध्ये आला, तर त्याला देवनागरी अंकही वाचता येतात: पूर्णांक करायला सांगितलं की ‘०८०४’ चा सरळ ८०४ होतो.